नकाशात मालक दिसत नाही

पुण्याच्या वेशीवरच्या गावांमधल्या जमीन वापरावर लिहिलेले विद्यार्थ्यांचे प्रबंध मी बहिस्थ परीक्षक म्हणून वर्षानुवर्षं वाचत आले आहे. भूगोलाचे, नगररचनेचे, पर्यावरणशास्त्राचे. गावाचं नाव बदलतं, बाकी काही बदलत नाही. चार उपग्रह-नकाशे शेजारी शेजारी लावलेले असतात: १९९१, २००१, २०११, २०२१. पहिल्यात हिरवा रंग भरपूर, चौथ्यात लाल. मग टक्केवारीचा तक्ता, अचूकतेचा गुणांक, आणि शेवटी शिफारशी. नियोजनबद्ध विकास व्हावा, शेतजमिनीचं संरक्षण व्हावं, शासनाने लक्ष द्यावं, लोकांमध्ये जागृती करावी, विकास शाश्वत असावा. कुणी करावं, कुणी थांबवावं, यातलं एक अक्षर नाही.

माझं मत मी मोघम ठेवत नाही. यातलं बहुतेक काम संशोधन नाही. कुणालाही न दुखवता पदवी मिळवण्याची ती वहिवाट आहे, आणि ती आम्ही प्राध्यापकांच्या जमातीने पाडली आहे. विद्यार्थ्याला मी दोष देत नाही. तो तेवीस-चोवीस वर्षांचा असतो, अनेकदा त्याच पट्ट्यातल्या गावातून आलेला असतो, आणि जमिनीचे व्यवहार कसे होतात हे त्याला त्याच्या मार्गदर्शकापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्या घरातच एखादा दावा चालू असतो. त्याला ते माहीत असूनही प्रबंधात लिहू नको, असं शिकवणारे आम्ही आहोत.

आधी उपग्रहाचंच घेऊ, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. लँडसॅट उपग्रहाची चित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट मिळू लागली आणि आमच्या विभागांचे दिवस पालटले. गावात न जाता प्रबंध करता येऊ लागला. या चित्रातला एक ठिपका तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद जमिनीचा असतो, म्हणजे ९०० चौरस मीटर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एका ठिपक्यात जवळपास नऊ गुंठे बसतात. आपल्या भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ संवेदकाचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, त्यात साडेपाच गुंठे. आता हवेली, मुळशी, मावळ, खेड या तालुक्यांत जमीन विकली जाते कशी, हे एसटी थांब्यावरच्या कुठल्याही पोराला विचारा. गुंठ्यावर विकली जाते. एक गुंठा, दोन गुंठे, फार तर पाच. व्यवहाराचं एकक ज्या चित्रात दिसूच शकत नाही, त्या चित्रावर व्यवहाराचे निष्कर्ष काढायचे, आणि वर अचूकता नव्वद टक्क्यांच्या पुढे आहे असं लिहायचं. ही अचूकता कशाची? गवताला गवत आणि सिमेंटला सिमेंट म्हणण्याची.

२०१५ साली सोडलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. पण ठिपका कितीही बारीक झाला तरी त्यात मालक दिसत नाही. आणि या पट्ट्यात जमिनीचं काय होणार हे तिच्यावर काय उगवलंय यावरून ठरत नाही, ती कुणाच्या नावावर चढली यावरून ठरतं.

मुळशी तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या वाटेवर एक शेत आहे. तिथे खरिपात भात निघायचा, मागून हरभरा. आज भाताची खाचरं भरून सपाट केलेली आहेत. भोवती सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण, आणि पत्र्याच्या पाटीवर ही मिळकत अमक्याच्या मालकीची आहे, अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल, असा मजकूर. आत घाणेरी आणि रानतुळस माजली आहे. कोपऱ्यात राखणदाराची पत्र्याची खोली. हे शेत विद्यार्थ्यांच्या नकाशात कसं येतं? ‘पडीक’ म्हणून. कधी ‘झुडपी’ म्हणून. म्हणजे ज्या जमिनीचा गावात सगळ्यात मोठा सौदा झाला, जिच्यावर पैसा वाढायला ठेवला आहे, ती नकाशावर अशी दिसते की जणू तिचं काहीच झालं नाही. पाच वर्षांनी तिथे इमारत उभी राहिली की ठिपका लाल होणार आणि पुढचा विद्यार्थी लिहिणार की या काळात शेतीचं रूपांतर बांधकामात झालं. त्या काळात झालं नाही. ते आधीच झालेलं होतं, तलाठ्याच्या दप्तरात, फेरफाराच्या एका नोंदीने. शंभर प्रबंधांची सनावळी यामुळे चुकलेली आहे आणि ती तपासायला कुणी उठत नाही.

याच मातीत यापेक्षा कितीतरी चांगलं काम झालेलं आहे, म्हणून माझा राग जास्त आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर एका गावाची पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती छापली. गाव कोणतं? पिंपळे सौदागर. आज जिथे गगनचुंबी सोसायट्या, मॉल आणि रहाटणी चौकातली वाहनांची कोंडी आहे, तेच. मान यांच्याकडे उपग्रह नव्हता. त्यांनी जुनी दप्तरं आणि शेतं दोन्ही पाहिली. १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१४-१५ मध्ये सात, हे त्यांनी मांडलं. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यातले ४६३ तुकडे एकरापेक्षा लहान होते, हे त्यांनी मोजलं. कर्ज कुणाचं किती, पोट कशावर भरतं, हेही विचारलं. ते राज्य परक्यांचं होतं आणि मान हे त्या सरकारचेच नोकर होते, हे मी विसरत नाही. पण त्यांनी आकडा खातेदारापर्यंत नेला. पुढे १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकची पाहणी आली. अशा पाहण्यांमुळे तुकड्यांचा प्रश्न सरकारदरबारी गाजत राहिला आणि १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. दरम्यान १९१८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांवरच्या आपल्या निबंधात या सगळ्या चर्चेला उलटा प्रश्न विचारला: दोष तुकड्याच्या आकारात आहे, की शेतीत घालायला भांडवल नाही आणि जादा माणसांना दुसरा उद्योग नाही यात आहे? बघा, अशा पाहण्यांवर वाद झडला, मतं बनली, कायदा झाला. तो कायदा चुकीचा ठरला असं कुणाला वाटत असेल तर त्यालाही पुरावा याच पाहण्यांत शोधावा लागतो.

लोणीकंदचं उदाहरण तर आमच्या प्रत्येक विभागाच्या भिंतीवर लावायला हवं. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या थॉमस कोट्स या डॉक्टराने १८२० च्या सुमारास त्या गावाचं बारकाईने वर्णन लिहिलं. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्याच गावाकडे पुन्हा पाहिलं आणि १९६० मध्ये पुस्तक केलं. आता नगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढे ते गाव शहराच्या तोंडाशी आलं आहे. म्हणजे एकाच गावाचे दोन सविस्तर अभ्यास तयार आहेत, तिसरा करण्याची वेळ आत्ताच आहे. हे सोडून आम्ही विद्यार्थ्याला सांगतो की संपूर्ण तालुका घे, नकाशा चांगला दिसतो.

गावात जाऊन केलेल्या कामाचीही गत फार वेगळी नाही. तिथे उपग्रहाची जागा प्रश्नावलीने घेतली आहे. एका प्रबंधाच्या परिशिष्टात प्रश्न होता: जमीन विकल्यानंतर आपल्या कुटुंबाचं राहणीमान सुधारलं का? होय, नाही, सांगता येत नाही. उत्तर देणारा कोण? कुटुंबप्रमुख. पुरुष, वय पन्नास ते साठ. त्याने ‘होय’वर खूण केली होती. बंगला बांधलेला माणूस दुसरं काय सांगेल? त्या घरातल्या बहिणींना कुणी विचारलं?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. नेमक्या याच वर्षांत पुण्याभोवतीच्या जमिनींचे भाव चढले. म्हणजे ज्या वेळी मुलीच्या हिश्शाला पहिल्यांदा खरी किंमत आली, त्याच वेळी तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही घ्यायची रीत पक्की झाली. माझ्या आत्याला असंच नेलं. माहेरी जेवण, खण-नारळ, साडी, आणि दुपारी सही. “भावाशी वाकडं कशाला, माहेर तुटेल,” एवढंच ती म्हणाली. दोन वर्षांत ती जमीन विकली गेली. आत्या शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जात होती. आमच्या गावावरच्या कुठल्याही प्रबंधात आत्या नाही. कुटुंबप्रमुखाच्या ‘होय’खाली ती गाडलेली आहे. आणि हक्कसोडपत्र ही काही गुप्त गोष्ट नाही. त्याची नोंदणी होते, त्यावरून फेरफार पडतो, फेरफाराला क्रमांक असतो. गावाचे वीस वर्षांचे फेरफार काढून बसलं तर किती बायकांनी किती गुंठ्यांवरचा हक्क सोडला आणि त्यानंतर किती दिवसांत त्या जमिनीचं खरेदीखत झालं, हे मोजता येतं. जमीन वापरातल्या बदलाचा याहून ठोस अभ्यास मला सुचत नाही. तो कुठल्या विद्यार्थ्याला कधी सुचवला गेला?

ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांचं तर नाव काढायला नको. धवळपुरीकडचे धनगर मेंढ्यांचे वाडे घेऊन पावसाळ्यानंतर खाली उतरतात, सुगी झालेल्या रानात मेंढ्या बसवतात, शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो आणि रानाला खत मिळतं. हा जमिनीचा वापर आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. कुंपण पडलं की तो संपतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही, कारण मेंढ्या चार दिवस बसतात आणि उपग्रहाच्या नकाशात ‘मेंढ्या बसल्या’ असा रंग नाही. गायरानाचंही तेच.

पाण्याशिवाय तर जमीन वापर हा शब्दच उच्चारू नये. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांच्या पाण्यावर शहर आणि दौंड-इंदापूरपर्यंतचं शिवार दोघंही जगतात. शहराने पाणी वाढवून घेतलं की कालव्याचं आवर्तन लांबतं. मग मुंढव्याच्या जॅकवेलवरून शहराचं वापरलेलं पाणी बेबी कालव्यात सोडायचं आणि शेतकऱ्याने तेच घ्यायचं. त्या पाण्यावरच्या मातीचं आणि विहिरींचं काय झालं हे हवेली-दौंडचे शेतकरी ओरडून सांगत आले आहेत. नकाशात मात्र ते शिवार हिरवंगार आहे! उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा नव्वदच्या दशकापासून सोसला. त्यांची विहीर नासली तरी ठिपक्याचा रंग बदलला नाही. शाश्वततेचा अभ्यास म्हणवणाऱ्या कामात हे येत नसेल तर त्याला दुसरं नाव द्या.

आम्ही हे का टाळतो? कौशल्य नाही म्हणून नाही. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो. विकत कुणी घेतली, किती तारखेला, किती रकमेला, सगळं कागदावर आहे. वसतिगृहाच्या खोलीत बसून निम्मं काम होईल. टाळतो ते भीतीने. गट क्रमांक लिहिला की नाव येतं, आणि नाव आलं की ते कुणाचं तरी निघतं. या जिल्ह्यात शिक्षणसंस्था चालवणारे, जमिनीचे व्यवहार करणारे आणि निवडणूक लढवणारे पुष्कळदा एकाच घरातले असतात. मार्गदर्शकाची नोकरी त्या घराच्या मर्जीवर असते. म्हणून तो विद्यार्थ्याला म्हणतो, “वादात पडू नको, नकाशे चांगले कर.” एका चर्चासत्रात मी एका मुलीला फेरफाराच्या नोंदी मांडताना पाहिलं. तिच्या तक्त्यात एकाच आडनावाचे खरेदीदार रिंग रोडच्या आखणीच्या आसपास ओळीने आले होते. तिच्या मार्गदर्शकांनी सगळ्यांसमोर तिला तो तक्ता काढून टाकायला सांगितला, “हा भूगोल नाही” या शब्दांत. मी तेव्हाही उठून म्हटलं होतं आणि आज पुन्हा लिहिते: हाच भूगोल आहे.

या भित्रेपणाची किंमत गावाला मोजावी लागते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास योजना करायची तर आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. सगळी आरक्षणं, सगळे रस्ते, हिरवा पट्टा कुठला आणि निवासी कुठला, हे त्या नकाशावर उभं असतं. तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं, ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने प्रारूप विकास योजना जाहीर केली आणि हरकती मागवल्या. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. लोक झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांगा लावून छापील नमुन्यावर गट क्रमांक भरत होते. कुणाच्या बागायतीवर आरक्षण, कुणाच्या ओढ्यावर रस्ता. याच गावांवर तोपर्यंत कितीतरी प्रबंध लिहून झाले होते. त्यातला एक तरी प्रबंध कुठल्या शेतकऱ्याच्या हरकतीला जोडता आला का? येणार कसा! तो इंग्रजीत होता, विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता किंवा शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात पीडीएफ होऊन पडला होता, आणि त्यात गट क्रमांकच नव्हते. सरकारी नकाशा खोडून काढण्याची ताकद असलेला स्वतंत्र नकाशा तयार करण्याची विद्या, संगणक आणि तरुण माणसं विद्यापीठाकडे होती. नेमक्या त्या दिवसांत विद्यापीठ गावाच्या बाजूला उभं नव्हतं.

मग गावाने आपल्याला दारात उभं का करावं? पुरंदरच्या विमानतळासाठी ज्या सात गावांची जमीन मागितली आहे तिथे मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणावरून गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. पारगाव, कुंभारवळण, वनपुरीसारख्या गावांत आता सर्व्हे म्हटलं की माणसं दगडासारखी गप्प होतात. त्यांच्या अनुभवात मोजणीला आलेला माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो. विद्यार्थी तिथे टॅबलेट घेऊन जातो, माहिती घेतो, परत येत नाही. तोही नेणाराच. फरक एवढाच की त्याला ते कळत नसतं, आणि ज्यांना कळतं ते त्याला सांगत नाहीत.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं. विद्यार्थ्याचं काम शिकणं आहे, चळवळ करणं नाही. संशोधन तटस्थ असावं. तटस्थतेबद्दल मला कुणी शिकवू नये. फेरफाराची नोंद जशी आहे तशी मांडणं यापेक्षा तटस्थ काय असतं? उलट मालकी झाकून फक्त रंग दाखवणं ही बाजू घेणं आहे, आणि ती जमीन गोळा करणाऱ्याची बाजू आहे. ‘शहरीकरणामुळे शेती घटली’ या वाक्यात करणारा कुणीच नाही. जणू शहर स्वतःच्या पायांनी चालत आलं. विकणारा, विकायला लागलेला, घेणारा, मध्यस्थी करणारा, झोन बदलणारा, सही करणारा, ही सगळी माणसं त्या एका वाक्याने सुटतात.

दुसरं उत्तर मगरपट्ट्याचं असतं. हडपसरच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेवर एकर जमीन एकत्र केली, कंपनी केली, स्वतः भागधारक झाले. विद्यार्थी ते उदाहरण दर दुसऱ्या प्रबंधात घालतात आणि इतर गावांनी असंच करावं म्हणतात. ते उदाहरण मोठंच आहे, त्याचं श्रेय त्या कुटुंबांना पूर्ण द्यावं. पण ती जमीन सलग होती, नात्यागोत्यातली होती, शहराच्या हद्दीत येऊन पडलेली होती, आणि पुढाकार घेणारं घर सधन होतं. अर्धा एकर आणि चार वारसांचा दावा असलेल्या गावाला तो कित्ता देणं म्हणजे प्रश्न न अभ्यासता मोकळं होणं.

मला हवं आहे ते फार थोडं आहे आणि ते उद्यापासून करता येतं. एक विद्यार्थी, एक गाव, तालुका नाही. उपग्रहाचा नकाशा जरूर घ्यावा, पण त्यावर गट क्रमांकाचा नकाशा चढवावा आणि किमान एका वाडीचे सगळे फेरफार वाचावेत. ज्यांची नावं कमी झाली त्यांच्या घरी जावं, बहिणींच्या सासरीसुद्धा. खासगी माणसाचं नाव छापण्याची गरज नाही, नोंदीचा प्रकार, तारीख आणि क्षेत्र पुरेसं असतं. प्रबंधाचा मराठीत पंधरा-वीस पानांचा गोषवारा नकाशासकट ग्रामसभेत वाचून दाखवावा, चुकलेलं लोकांकडून तिथेच दुरुस्त करून घ्यावं, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावावी. पुढच्या वेळी प्रारूप आराखडा येईल, कारण तो येणारच आहे, तेव्हा गावाच्या हातात हरकतीला जोडायला स्वतःचा कागद असेल. विद्यापीठाने फक्त एवढं करावं की असं काम करणाऱ्या मुलाच्या पाठीशी लेखी उभं राहावं, संस्थाचालकाचा फोन आला तरी.

ज्या विद्यापीठासाठी मी परीक्षक म्हणून काम करते त्याला मी गेल्या महिन्यात पत्र पाठवलं आहे. ज्या जमीन वापराच्या प्रबंधात एकही सातबारा, एकही फेरफार वाचलेला नाही आणि ज्याचे निष्कर्ष त्या गावासमोर मांडलेले नाहीत, तो मी यापुढे दुरुस्तीसाठी परत पाठवीन, आणि माझ्या अहवालात मार्गदर्शकाला त्याचं कारण विचारीन.